पुस्तकातला धपाटा

भात झोडताना दोन आवाज होतात. भारा फळीवर आपटतो तो एक, आणि त्यामागून दाणे सुटून खळ्यावर सांडतात तो दुसरा. पहिला लांबवर ऐकू जातो. दुसरा ऐकायचा तर जवळ बसावं लागतं. आता भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावाच्या बाजूला भात फारसं उरलं नाही. जिथे आमची खाचरं होती तिथे गोदामांचे निळे पत्रे चमकतात आणि दिवसभर कंटेनर मागेपुढे होत असतात. पण आश्विन सरत आला की दुपारचं ऊन तसंच डोक्यात शिरतं, पहाटेचं दव तसंच पडतं, आणि कुठल्यातरी गोदामामागे राहून गेलेल्या पट्टीत कुणीतरी चार भारे झोडत असतं. मागच्या आठवड्यात तो आवाज कानावर आला आणि मी चालता चालता थांबले. पंच्याहत्तरी गाठलेल्या बाईने लाजावं असं त्या आवाजात काय आहे, ते एका माणसाला ठाऊक होतं. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा लिहायला हरकत नाही.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. मी कल्याणची, मॅट्रिक झालेली, वाचनाचं वेड लागलेली. वसंत वळचा, शेतकऱ्याघरचा, शिकून एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, कारकून झालेला. त्याला तोंडावर मी 'अहो' म्हणायचे आणि मनात 'वसंत'. लिहिताना मनातलंच नाव घेते. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मी तिशीला टेकले होते, मूलबाळ नव्हतं, आणि दिवस लांब होते. चाळीच्या तिन्ही बाजूंना कापडाचे यंत्रमाग. खटक-खटक, खटक-खटक, दिवस नाही रात्र नाही. पाहुणे यायचे ते ओरडून बोलायचे, आम्हाला मात्र ओठ हललेले बघून कळायचं. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

शनिवारी संध्याकाळी वसंत वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचा. एक त्याच्यासाठी, त्यात पहिल्या पानावर खून झालेला असायचा. दुसरं माझ्यासाठी, सामाजिक कादंबरी. ती मी इतर बायका वाचतात तशीच वाचायचे, निदान वरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं. पण पुस्तक उघडलं की त्यात कुठेतरी एक शब्द माझी वाट बघत असायचा. पान उलटताक्षणी, अजून पहिली ओळही वाचली नसताना, तो खालच्या कोपऱ्यातून मला दिसायचा, गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसा. नवराबायकोचा लटका तंटा सुरू झाला की माझ्या वाचण्याची चाल बदलायची. "थांब, आता तुला चांगला मारच देतो," असं नायक म्हणाला की मी ती ओळ बोटाने दाबून धरायचे आणि वर कौलांकडे बघत बसायचे. बहुतेक वेळा लेखक नेमका तिथे दगा द्यायचा. 'दोघंही खळखळून हसली' असं म्हणून तो चहा मागवायचा, नाहीतर दारात टपालवाला उभा करायचा.

मग पुढचं प्रकरण मीच रचायचे, तांदूळ निवडता निवडता. माझी नायिका किल्ली हरवायची, वरण करपवायची, नवऱ्याचा चष्मा उशीखाली लपवून साळसूदपणे "मला काय माहीत?" म्हणायची. तिचा गुन्हा नेहमी असा, की शहाणा माणूस त्याला गुन्हा म्हणणार नाही. नायक रागावल्याचं सोंग करायचा, तिला मांडीवर आडवी घ्यायचा आणि हिशेबाने, आवाज होईल असे धपाटे घालायचा. ती ओरडायची, हसायची, पुन्हा काहीतरी आगाऊ बोलायची, म्हणजे आणखी एक मिळावा. आणि तिने 'पुरे' म्हटलं की पुरे. त्या घरात तिच्या मनाविरुद्ध पान हलत नव्हतं. हे मी तेव्हा मुद्दाम ठरवलं नव्हतं. नाहीतर त्या प्रकरणात मजाच आली नसती, एवढंच मला कळायचं.

हे माझ्यात कुठून आलं, मला सांगता येणार नाही. लग्नानंतर, चांगली जाणती झाल्यावर, एका दुपारी लक्षात आलं. एकदा लक्षात आल्यावर ते सगळीकडे दिसू लागलं. वर्तमानपत्रातल्या विनोदी चित्रात, मासिकातल्या गृहिणींच्या सदरात, सिनेमाच्या फलकावर नायकाने उगारलेल्या हातात. शब्दकोशसुद्धा मी त्याच डोळ्यांनी चाळला. मराठीत या एका गोष्टीला किती शब्द! चापट हलकी, ती गालावरही बसते आणि भाकरीवरही. रट्टा जड, त्यात राग मुरलेला. बुक्की आणि गुद्दा नुसतेच दांडगे. टोला काय, चेंडूलाही बसतो. धपाटा मात्र गोल, भरीव आणि घरगुती. त्यात आवाज फार आणि दुखणं थोडं. एकदा सोलापूरकडच्या शेजारीणबाई दाराशी आल्या आणि मागांच्या वर आवाज काढून ओरडल्या, "वैनी, गरम गरम धपाटे हायती. देऊ का दोन?" माझा चेहरा असा काही झाला, की त्या घाबरून म्हणाल्या, "काय वो, तिखट सोसत न्हाई का तुमाला?" ज्वारीचे ते धपाटे मी दह्याशी खाल्ले आणि दुपारभर एकटीच हसत राहिले.

नेहमीच हसू यायचं असं नाही. चाळीत खऱ्या माराचेही आवाज होते. मागांच्या खटखटाटात ते बुडून जायचे आणि शुक्रवारी वर यायचे. भिंतीपलीकडून कुणाची तरी भांडी पडायची, एक बाई आधी मोठ्याने बोलायची आणि मग एकदम बोलायची थांबायची. ते थांबणं ऐकलं की मी कादंबरी मिटून फळीवर ठेवायचे. नंतर दोन-दोन दिवस पुस्तक हातात धरवायचं नाही. जे त्या बाईला रडवतं ते मला गोड कसं लागतं? माझ्यातच काहीतरी किडकं आहे, असं वाटायचं. कुठल्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, आणि जिला विचारावं अशी मैत्रीणही नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला, एका रविवारी दुपारी, माझा धीर कसा झाला कोण जाणे. वसंत उताणा पडून त्याचा खून वाचत होता. माझ्या कादंबरीत कधी नव्हे तो लेखकाने टपालवाला आणला नव्हता. नायकाने खरंच बायकोला दोन धपाटे घातले होते आणि ती उशीत तोंड खुपसून हसत होती.

"अहो, हे ऐका," म्हणून मी तेवढा भाग वाचून दाखवला.

"चावट दिसतोय लेखक," वसंत म्हणाला आणि पान उलटलं.

"मला आवडतं," मी हळू म्हणाले.

मागांच्या आवाजात हळू बोलून चालत नाही. "काय?" त्याने कानामागे हात धरला.

"मला आवडतं!"

"पुस्तक?"

"पुस्तक नाही! ते! ते जे त्याने केलं ते!"

जन्मात कुणाला सांगितली नव्हती ती गोष्ट मी अशी ओरडून सांगितली. वसंत उठून बसला. त्याने पुस्तक मिटलं, खूण घालायलाही विसरला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"मी तुला कधी वाकडा शब्द बोललोय?"

"नाही. म्हणून तर तुम्हाला सांगते आहे."

"आबा आईला मारायचे," तो म्हणाला. "मी आणि धाकटी कुसुम कोठीच्या खोलीत जाऊन बसायचो. तेव्हाच ठरवलं होतं, की आपला हात बाईवर उचलायचा नाही. आणि तू मला हे सांगतेस?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

हजार दुपारी मनात घोळवलेली गोष्ट, पण तोंडात शब्द नव्हते. "माझ्याच्यानं नाही होणार," एवढं म्हणून तो शर्ट चढवून नाक्यावर गेला आणि चहा पिऊन परत आला. त्यानंतर तो माझ्याशी वाईट वागला असता तर बरं झालं असतं. तो जपून वागू लागला. ताट हातात देताना बोटाला बोट लागणार नाही असं बघायचा. पूर्वी जाता-येता माझी वेणी ओढायचा, तेही बंद झालं. ती कादंबरी मी पुरी न वाचताच परत पाठवली.

भातकापणी झाली आणि झोडणीला दरवर्षीसारखे आम्ही वळला गेलो. वसंतने कारखान्यातून रजा काढली होती. घरी सासूबाई एकट्याच असायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. खळं सारवून तयार होतं, बाजूला भाऱ्यांची उडवी रचलेली. पहिल्या दिवशी वसंत आणि दोन गडी झोडत होते, मी आणि सासूबाई पेंढा बाजूला करत होतो. केसांत भाताची कुसळं, मानेला खाज, नाकात तो कोरडा गोडसर वास. काम इतकं होतं, की आमच्यातलं अवघडलेपण निदान दिवसा तरी लक्षात येत नव्हतं.

दुपारी बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. दापोडे आमच्या शेजारचंच गाव, तिथे वसंतची धाकटी बहीण कुसुम दिली होती. मोठं घर, भरपूर शेती, दारात स्वतःचा ट्रक. कुसुम सव्वीस-सत्तावीस वर्षांची, धिप्पाड, हसरी, एका दमात भाऱ्यांची रास उचलणारी. पण त्या दिवशी ती डावा हात उजव्या हाताने धरून, एखादं मूल सांभाळावं तशी चालत आली. ओठाची एक बाजू सुजली होती.

"दादा, मी आली," ती म्हणाली. "परत न्हाय जानार."

वसंतच्या हातातला भारा तसाच राहिला. सासूबाईंनी तिला आत नेलं, पाणी दिलं, तेल-हळद गरम करायला ठेवली. चोळी सोडवताना मी तिचा दंड बघितला. दुपारच्या भाकऱ्या गार झाल्या होत्या, म्हणून नवऱ्याने जळकं लाकूड फेकून मारलं होतं. पहिली वेळ नव्हती. जुने डाग पिवळे पडले होते, त्यावर नवे निळे.

वसंत परत झोडायला लागला. दाणे खळ्याच्या बाहेर उडत होते, गडी एकमेकांकडे बघत होते. थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेले तेव्हा तो उडवीच्या सावलीत उभा होता.

"तिचा हात बघितलास?"

"बघितला."

"हे हवं होतं तुला?"

"हे नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "हे नाही हो."

"मग काय हवं होतं?"

दोन्हींमध्ये काय फरक आहे ते मला माहीत होतं, पक्कं माहीत होतं. पण कुसुमच्या हातावरचे डाग डोळ्यांपुढे असताना तो फरक सांगायला तोंड उघडणं म्हणजे त्या डागांचा अपमान केल्यासारखं वाटत होतं. मी तांब्या तिथेच ठेवून आत आले. माझ्या नायिकेला त्या दिवशी मी मनातून घालवून दिलं. जा म्हटलं, पुन्हा येऊ नकोस.

झोडणी संपता संपता दापोड्याहून माणसं आली. कुसुमचा सासरा, नवरा, आणि मध्यस्थ म्हणून आमच्याच घरचे नाना, म्हणजे माझे चुलतसासरे. ते वळमधलं मोठं माणूस, त्यांचा शब्द खाली पडत नसे. ओटीवर घोंगडी अंथरली. आम्ही बायका दाराआड. कुसुम भिंतीला टेकून बसली होती, हात झोळीत.

सासऱ्याने सांगितलं की भात पडून आहे, घरात बाई न्हाय, सुनेला पाठवा. नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "रागाच्या भरात झालं." वसंत म्हणाला की हात बरा होईपर्यंत ती कुठे जाणार नाही, आणि बरा झाल्यावर तिला विचारू. विचारू, हा शब्द ऐकून सासरा हसला. मग नाना बोलले. त्यांनी तंबाखू मळली, खाली झटकली, सावकाश तोंडात टाकली.

"वसंता, नवऱ्याचा हात हाय, कधी पडतो. ही काय कोर्टात न्यायची गोष्ट हाय? आनि खरं सांगू? बायकांना आतून आवडतंच ते. दोन पडल्या म्हंजे त्यांना कलतं, नवऱ्याचा आपल्यावर जीव हाय."

ओटीवर दोघंतिघं हसले.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. त्या घरात, कदाचित त्या सगळ्या गावात, हे वाक्य जिच्याबद्दल थोडंतरी खरं होतं अशी बाई मीच असेन. आणि नेमकं मलाच ते सर्वांत खोटं वाटलं. कुणीतरी माझ्या मनात हात घालून माझी एक सुखाची दुपार उचलावी आणि कुसुमच्या दंडावरचे डाग झाकायला तिचं फडकं करावं, तसं झालं. लाज वाटायच्या ऐवजी मला संताप आला. चुलतसासऱ्यांपुढे मी तोवर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की तोंड उघडलं नव्हतं. ट्रे खाली ठेवून मी उंबऱ्याबाहेर आले.

"नाना," मी म्हणाले, "ज्या बाईला आवडतं ना, ती सांगेल. स्वतःच्या तोंडाने सांगेल, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगेल. कुसुमने सांगितलं होतं का? तिचा नवरा इथेच बसलाय. विचारा त्याला."

नवऱ्याने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. वसंत माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता. आपण एखादी ओळ दहादा वाचलेली असते आणि अकराव्यांदा एकदम तिचा अर्थ लागतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"वसंता, बायको लय बोलाया लागली तुझी," नाना म्हणाले. "पुस्तकं वाचती, न्हाय काय? जाऊ दे. वैनी, तुम्हीच सांगा. आमच्या दादानं तुम्हाला काय कमी मारलं? झालाच ना संसार?"

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या फार कमी बोलायच्या. मला वाटलं, आता त्या मान हलवतील आणि सगळं संपेल.

"झाला," त्या म्हणाल्या. "झाला ना संसार. पन तो मेला तवा मी रडली न्हाय. गावात इचारा कोनाला बी. रडायला भाड्यानं आनल्यासारख्या बायका रडल्या, मी न्हाय रडली."

नानांच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. वसंत उठला आणि आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. चहा तसाच गार झाला. माणसं उठून गेली. त्यानंतर ती आणखी दोनदा आली, एकदा गोडीने, एकदा धमकी घेऊन. कुसुम गेली नाही. पुढे वर्षभराने त्या नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं. वसंतने आपल्या वाट्याचं शेत कुसुमला कसायला दिलं, आणि सांगायला अभिमान वाटतो, की त्या खाचरात तिच्याइतकं भात आधी कुणी काढलं नव्हतं.

आम्ही भिवंडीला परत आलो. पुन्हा माग, पुन्हा नाका, पुन्हा शनिवारची पुस्तकं. एका रविवारी दुपारी वसंतचं पुस्तक बराच वेळ एकाच पानावर होतं.

"त्या दिवशी तू नानांना बोललीस," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, तू मलाच सांगते आहेस."

"तुम्हालाही सांगत होते."

"दसऱ्याला मी घाईने नाही म्हणालो. तू काय सांगतेस ते ऐकलंच नाही. मला आबांचाच आवाज येत होता." त्याने पुस्तक बाजूला ठेवलं. "आता सांग. नीट सांग."

मी सांगितलं. किल्ली, वरण, चष्मा, सगळं. बाहेर माग चालू होते, त्यामुळे सगळं मोठ्याने सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगताना त्यातलं निम्मं इतकं हास्यास्पद वाटायला लागलं, की माझी भीती हळूहळू उतरली. तो कारकुनासारखा एकेक शंका काढत होता.

"दुखलं तर?"

"थोडं दुखायलाच हवं. जास्त झालं तर मी 'पुरे' म्हणेन."

"आणि मला ऐकू आलं नाही तर? या खटखटाटात?"

"मग मी चिमटा काढेन."

तो विचारात पडला. "मला राग येत नाही तुझा. राग नसताना कसं जमेल?"

"राग नसतानाच जमतं," मी म्हणाले. "राग असेल त्या दिवशी हात लावायचा नाही."

हे ऐकल्यावर त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं झालं. लग्नानंतर पाच वर्षांत मी त्याला असं सैल झालेलं बघितलं नव्हतं. तरी तयार व्हायला त्याला आणखी बरेच रविवार लागले, आणि मीही घाई केली नाही. त्याचा पहिला धपाटा असा होता, की उशीवरची धूळसुद्धा उडाली नसती. "लागलं?" त्याने काळजीने, मागांच्या वर आवाज काढून विचारलं. मी इतकी हसले की मला ठसका लागला, मग पाणी आणायला तोच उठला. पुढचं आम्हा दोघांचं. ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की तो जाईपर्यंत आमच्या घरात त्यावरून कुणी रडलं नाही, आणि माझी वेणी पुन्हा जाता-येता ओढली जाऊ लागली.

वाचन बदललं का? तो शब्द अजूनही आधी दिसायचा, आजही दिसतो. पण आता तो दिसला की मी चोरासारखी कौलांकडे बघत नसे. वसंतला वाचून दाखवत असे, आणि लेखकाने ऐनवेळी चहा मागवला की तोच वैतागायचा, "घाबरट आहे मेला." मनातली ती नायिका मी हाकलून दिली होती, ती काही दिवसांनी गुपचूप परत आली. तिने वरण करपवलं होतं.

त्या हिवाळ्यात मी चार दिवस वळला गेले होते. भातानंतर त्याच शेतात कुसुमने वाल पेरला होता, आणि सकाळी आम्ही दोघी शेंगा तोडत होतो. तिचा हात बरा झाला होता, पण वर उचलताना ती अजून थोडी थांबायची.

"वहिनी, एक इचारू?" ती म्हणाली. "तू तवा नानांना बोलली, जिला आवडतं ती सांगेल. अशी बी बाई असती काय गो?"

मी हातातली शेंग तोडली. तिच्याशी खोटं बोलवेना.

"असते."

"आनि ती सांगती? नवऱ्याला?"

"सांगते."

"आनि त्यो?"

"तो विचारतो. आधी विचारतो, मधे विचारतो, झाल्यावर पुन्हा विचारतो. कधीकधी इतकं विचारतो, की तिला हसू आवरत नाही."

कुसुमने माझ्याकडे रोखून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग मिस्कील हसू, अगदी वसंतसारखं. मला वाटलं ती आता काहीतरी चावट बोलणार. पण ते हसू तसंच ओसरलं. ती वेलाकडे वळली. तिने चार शेंगा तोडून पदरात टाकल्या.

"मना त्या घरात," ती म्हणाली, "जेवली काय गो, एवढं पन कोनी कधी इचारलं न्हाय."